असाइनमेंटचा प्रश्न आला तर: अख्खा कोड द्यावा की नुसता इशारा?

प्रोग्रामिंगच्या शंकांना ऑनलाइन उत्तरं द्यायला बसलात की कॉलेजच्या असाइनमेंट येणारच. 'गृहपाठ करून मिळणार नाही' म्हणून सरळ नकार देणारे आहेत, पण तो पर्याय मी धरत नाही. घरातून पहिल्यांदाच इंजिनीअरिंगला गेलेल्या मुलानं रात्री अकराला विचारायचं तरी कुणाला? स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाइटवरही गृहपाठाला बंदी नाही. 'होमवर्क' हा वेगळा टॅग तिथे २०१२ मध्येच बाद ठरवला. मात्र स्वतः काय करून पाहिलं आणि कुठे अडलं, ते लिहावं लागतं. मला हे पटतं.

अख्खा कोड देणं सोपं. समोरचा खूश, सबमिशन पार. नीट कॉमेंट्स घातलेला कोड वाचून शिकणारी मुलंही असतात. पण मला वैताग आला तो पुढच्या मेसेजचा: 'सर, रन होत नाहीये.' एरर काय, कुठल्या ओळीवर, पत्ता नाही. फार तर मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो. त्या फोटोत ओळीचा नंबर स्वच्छ दिसत असतो, पण मुलानं तो वाचलेलाच नसतो. कोड माझा, म्हणून एररही माझीच. ओरलला 'ही ओळ कशासाठी?' असं विचारलं तर त्याचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

इशारा द्यायला वेळ जातो, हे खरं. लिंक्ड लिस्ट उलटी करायचा प्रश्न घ्या. ही नोड्सची साखळी; प्रत्येक नोडमध्ये माहिती आणि 'नेक्स्ट', म्हणजे पुढच्या नोडचा पत्ता असतो. पुढच्या नोडचा पत्ता जपून ठेवण्याआधीच मुलं हातातल्या नोडचा नेक्स्ट मागे वळवतात आणि उरलेली लिस्ट हातची जाते. मी दुरुस्त ओळ देत नाही. 'कागदावर तीन चौकोन आणि बाण काढ, प्रत्येक ओळीनंतर बाण बदलत जा,' एवढंच लिहितो. सुटा पडलेला चौकोन त्याचा त्यालाच दिसतो. काही जण चिडून जातात. जे परत येतात, त्यांच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा ओळीचा नंबर असतो.

सबमिशन सकाळीच असेल तर मी त्याच जातीचा दुसरा प्रश्न पूर्ण सोडवून देतो, उदाहरणार्थ मधला नोड डिलीट करण्याचा. पत्ता आधी जपावा लागतो तो तिथेही. तुमच्याकडे वेळच नसेल आणि तुम्ही अख्खा कोड दिलात, तर मी नावं ठेवणार नाही. पण नेमानं उत्तरं देणार असाल तर इशाऱ्यापासून सुरुवात करून बघा, आणि पूर्ण कोड सबमिशनची तारीख उलटल्यावर द्या.