नवरदेवाचा सूट: भाड्याचा, तयार की मापाचा?

धाकट्या भावाच्या लग्नासाठी भाड्याचा, तयार आणि माप देऊन शिवलेला असे सुटाचे तिन्ही पर्याय आम्ही पाहिले आणि अखेर थ्री-पीस, म्हणजे कोट, पॅन्ट आणि वेस्टकोट असा सूट शिवून घेतला. हा अभिप्राय मुख्यतः त्या सुटाचा आणि तो शिवणाऱ्या सेवेचा आहे. सूट उत्तम झाला, सेवा मध्यम निघाली. दुकानात गेल्यावर सगळा वेळ रंग, कापडाचा भाव आणि अस्तराची नक्षी यांवरच जातो. पण नवरदेवाच्या अंगावर कोट कसा बसणार, हे खांदा, मुंढा (बाही जिथे जोडली जाते तो काखेभोवतीचा घेर) आणि कापडाच्या आतला, डोळ्यांना न दिसणारा थर या तीन गोष्टींवर ठरते.

आधी खांद्याविषयी. तयार कोटाची कंबर आत घेता येते, बाही थोडी आखूड करता येते, पॅन्टची लांबी तर कोणीही बदलून देतो; पण खांदा रुंद असला तर बाही उसवून कोटाचा वरचा भाग जवळजवळ नव्याने उभा करावा लागतो आणि एवढे करूनही मूळचा डौल परत येईलच असे नाही. भावाचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरता आहे. हे पुष्कळांच्या बाबतीत असते आणि शर्टात कळतही नाही. तयार कोट घातल्यावर मात्र उजव्या बाजूला कॉलरखाली तिरकी घडी पडत होती. शिवणाऱ्या कारागिराने कच्च्या शिलाईच्या ट्रायलमध्ये ती घडी चिमटीत धरून पाहिली, उजव्या खांद्याच्या पॅडखाली एक पातळ थर वाढवला आणि घडी नाहीशी झाली. मापाच्या सुटाची किंमत वसूल होते ती अशा ठिकाणी.

मुंढ्याबद्दल बहुतेकांची समजूत उलटी असते. मुंढा मोठा ठेवला की हात मोकळा राहतो असे वाटते. प्रत्यक्षात मुंढा खाली उतरलेला असेल तर हात वर करताच कोटाची संपूर्ण बाजू हाताबरोबर वर ओढली जाते, कॉलर मानेपासून सुटते आणि छातीवर कापडाचा फुगा येतो. दिवसभर हात वर करणाऱ्या, लोकांना मिठ्या मारणाऱ्या आणि सतत कॅमेऱ्यासमोर उभ्या असणाऱ्या माणसासाठी काखेजवळ नीट बसणारा, पण न काचणारा मुंढा अत्यावश्यक आहे. म्हणून ट्रायलच्या वेळी आरशासमोर ताठ उभे राहून समाधान मानू नये. हात पुढे करावेत, खुर्चीवर बसावे, वाकून बुटाची नाडी बांधावी.

कोटाच्या पुढच्या भागात कापड आणि अस्तर यांच्या मध्ये आकार धरणारा एक थर असतो. स्वस्त कोटात तो उष्णतेने चिकटवलेला असतो आणि काही ड्रायक्लीननंतर तो चिकटा सुटू लागला तर छातीवर बारीक फुगे दिसतात. चांगल्या कोटात कॅनव्हास टाक्यांनी जोडलेला असतो, त्यामुळे तो अंगाबरोबर हलतो. पारख सोपी आहे: छातीच्या भागात वरचे कापड आणि आतले अस्तर दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच वेगळे करावे, मध्ये तिसरा, सुटा थर बोटांना जाणवला तर तो कॅनव्हास. आम्ही छाती आणि लॅपल (कॉलरखाली छातीवर दुमडलेली पट्टी) यांच्यापुरता कॅनव्हास असलेला, म्हणजे हाफ कॅनव्हास कोट घेतला. वर्षातून दोन-चारदा घातल्या जाणाऱ्या सुटाला संपूर्ण कॅनव्हासचा खर्च करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही.

कापड निवडताना विक्रेता ‘सुपर’च्या पुढच्या आकड्याने ग्राहकाला भारावून टाकतो. हा आकडा लोकरीच्या धाग्यातील तंतू किती बारीक आहे एवढेच सांगतो: आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार सुपर 100 साठी तंतूची कमाल जाडी 18.75 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आहे, तर सुपर 150 साठी 16.25. तंतू जितका बारीक तितके कापड मऊ, पण तितकेच नाजूक आणि चुरगळणारेही. आम्ही सुपर 110 घेतले आणि संध्याकाळपर्यंत गुडघ्यामागच्या सुरकुत्या सोडल्या तर सूट ताजा दिसत होता. रंग गडद निळा निवडला, कारण दिव्यांच्या उजेडात काळा रंग अनेकदा विटलेला दिसतो, निळा मात्र गहिरा राहतो. फार बारीक चौकडी किंवा रेघा टाळाव्यात. कॅमेऱ्यात त्यांच्यावर लाटांसारखी नक्षी उमटते. चकाकणारे पॉलिएस्टर फ्लॅशखाली कसे दिसते हे जुन्या अल्बममध्ये पाहून घ्यावे.

टक्सिडोचाही, म्हणजे सॅटिनची लॅपल असलेल्या समारंभी सुटाचाही विचार झाला होता. पण अशी लॅपल हा संध्याकाळचा थाट आहे आणि दिवसाच्या विधीला ती मला तरी उपरी वाटते.

वेस्टकोट मात्र मनापासून आवडला. कोट काढून ठेवला तरी नवरदेव नीटनेटका दिसतो, हा त्याचा मोठा फायदा. त्यासाठी पॅन्टची कंबर पुरेशी उंच हवी, नाहीतर वेस्टकोट आणि पट्टा यांच्यामधून शर्टाची पांढरी पट्टी डोकावते आणि सगळ्या फोटोंत नजर तिकडेच जाते.

आता तक्रारी. या सेवेने बाहीच्या टोकाची काजे दुसऱ्या ट्रायलच्या आधीच कापून टाकली. बाही लांब निघाली तेव्हा ती खालून आखूड करणे शक्य नव्हते, कारण मग काजे थेट कडेला आली असती. अखेर बाही वरून, मुंढ्यापाशी उसवून बसवावी लागली आणि ठरलेली तारीख पुढे गेली. शर्टाचा कफ एक-दीड सेंटीमीटर बाहेर दिसेल एवढी लांबी निश्चित होईपर्यंत काजे कापू नयेत, हे कारागिराला माहीत असणारच. घाई काउंटरवरच्या मंडळींची होती. पॅन्टची लांबीही त्यांनी अनवाणी उभे करून मोजायला घेतली होती. लग्नात घालायचे बूट आम्ही सोबत नेले होते, म्हणून ते निभावले.

भाड्याच्या सुटाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. टेलकोटासारखा (मागे लांब शेपट्या असलेला कोट) पुन्हा कधीच घातला न जाणारा पोशाख हवा असेल तर भाड्यानेच घ्यावा. मात्र आदल्या दिवशी नव्हे, तर बदलून मिळण्याइतक्या अवधीत तो अंगावर घालून पाहावा. ज्याचे खांदे तयार मापात नेमके बसतात त्यानेही शिवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. तोच पैसा चांगल्या बुटांवर खर्च करावा.

शिवायला टाकताना दोन गोष्टी पावतीवर लिहून घ्याव्यात. एक, पाठीच्या आणि पॅन्टच्या मधल्या शिवणीत तीन-चार सेंटीमीटर माया, म्हणजे आत दुमडलेले जादा कापड ठेवावे, म्हणजे वजन वाढले तरी सूट सैल करता येईल. दुसरी, उरलेले कापड आणि जादा बटणे परत मिळावीत. आम्हाला कापड मिळाले, बटणे मागून घ्यावी लागली. कोटाच्या मागच्या चिरेवरचा फुलीचा कच्चा टाका मात्र तसाच राहिला होता. तो घालण्यापूर्वी काढायचा असतो हे कोणी सांगितले नाही, लग्नाच्या सकाळी घरच्यांपैकी कुणाच्या तरी लक्षात आले आणि नखे कापायच्या कात्रीने तो काढावा लागला.