वास दाबणारा स्प्रे नको, वारा दाखवणारी पावडर घ्या

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात मी पायी फिरून धनुष्यबाणाने व्हाइटटेल (पांढऱ्या शेपटीच्या) हरणांची शिकार करतो. मचाणावर बसणाऱ्याला अंगाचा वास दाबणारा स्प्रे थोडाफार उपयोगी पडत असेल. चढावर घाम फुटला की त्याचं काही चालत नाही.

माझे पूर्ण गुण वारा दाखवणाऱ्या पावडरच्या बाटलीला. दाबली की बिनवासाची भुकटी उडते आणि झुळूक कुठे वळतेय ते लगेच कळतं. सकाळी ऊन तापलं की हवा उतारावरून वर सरकते, संध्याकाळी गार होऊन घळीत उतरते. कुठून जवळ जायचं ते यावरच ठरतं. बाण सोडायला २०-३० यार्डांवर पोचावं लागतं. तिथे एक उलटी झुळूक आली की माझा वास लागून हरीण गेलंच.

एक उणीव आहे: भुकटी थोड्याच अंतरावर दिसेनाशी होते, आणि दमट हवेत बाटलीचं तोंड तुंबतं. लांबचा प्रवाह पाहायला मिल्कवीड या रानवनस्पतीच्या बियांचे तंतू सोडावेत. आपल्या रुईच्या म्हाताऱ्यांसारखे ते तरंगत दूर जातात, शिवाय फुकट. पण एका हातात धनुष्य असताना बाटलीच सोयीची.

बिनवासाचा साबण आणि रबरी बूट वापराच. स्प्रेचे पैसे वाचवून बाटल्या मात्र दोन घ्या.