बॅटरीवरची ड्रिल बंद पडली : बॅटरीतले सेल बदलावे की नवीच घ्यावी?

आर्णी तालुक्यातला माझा मावसभाऊ टिनाचे शेड आणि लोखंडी फाटकं बसवून देतो. मार्चमध्ये त्याची १२ व्होल्टची ड्रिल बंद पडली. पानठेल्यावर एकजण म्हणाला, "फेक ना बे, नवी दोन हजारात येते." दुसरा म्हणाला, "काऊन फेकतं? सेल टाक, चालते अजून." दोघांपैकी एकानेही मशीन हातात घेऊन पाहिली नव्हती.

कोणता भाग गेला हे कळल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. आणि त्याच्याही आधी दोन फुकटाच्या गोष्टी पाहा. उलटं-सुलटं फिरवायची पट्टी मधोमध अडकली असेल तर ट्रिगर दाबलाच जात नाही. बिट पकडणाऱ्या चकमागची आकड्यांची रिंग २-३ वर असेल तर जोर लागताच टकटक आवाज येतो आणि चक थांबतो. लोक समजतात गिअर गेले. रिंग ड्रिल बिटच्या खुणेवर फिरवली की काम होतं. एवढ्यासाठी यवतमाळपर्यंत मशीन घेऊन गेलेला माणूस मी पाहिला आहे.

आता बॅटरी. आपल्याकडे मशीनच्या आधी बॅटरीच मरते आणि त्याला आपला उन्हाळा मोठा जबाबदार आहे. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ अंश असताना टिनाखालच्या माळ्यावर काय होत असेल ते सांगायला नको. अशा उष्णतेत पूर्ण भरून ठेवलेला लिथियमचा सेल झपाट्याने म्हातारा होतो. दुसरा प्रकार पावसाळ्यातला. मशीन रिकामी करून बॅगेत टाकली, खरिपात कोणी हात लावला नाही, दिवाळीला काढली तर चार्जरचा लाल दिवा नुसताच मिचकावतो. सेल इतका खाली उतरलेला असतो की चार्जर त्याला ओळखतच नाही.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे असतोच. १२ व्होल्टच्या बॅटरीच्या डब्यात तीन सेल, १८ व्होल्टच्या डब्यात पाच. भरलेला एक सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. म्हणजे रात्रभर चार्ज करून लहान डब्याने १२.६ च्या आसपास दाखवायला हवं. ८.४ च्या जवळ दाखवत असेल तर दोन सेल जिवंत, एक गेला. तेवढा एकच बदलून द्या म्हणू नका. जुन्या बैलांच्या जोडीला नवा गोऱ्हा जुंपल्यासारखं होतं, सगळेच बिघडतात. बदलायचे तर सगळे सेल बदला.

मावसभावासमोर तीन वाटा होत्या. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून हे आकडे साधारणच समजा. तिन्ही सेल बदलून घ्यायला मजुरीसकट सहाशे ते नऊशे रुपये. कंपनीची मूळ बॅटरी घ्यायची तर दीड-दोन हजार, तीही मागवावी लागते. बिनब्रँडची नवी मशीन दोन बॅटऱ्यांसकट दोन-अडीच हजार. कागदावर पहिली वाट सरळ जिंकते, पण सेल कोणते टाकले यावर सगळं आहे. हे सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतात, म्हणून त्यांना १८६५० म्हणतात. टॉर्चमधला किंवा जुन्या लॅपटॉपमधला सेलही त्याच मापाचा असतो. तो ड्रिलमध्ये बसतो, पण लोखंडाला भोक पाडताना लागणारा १५-२० अँपिअरचा करंट देऊ शकत नाही. दोन भोकं पडली की मशीन हाफते आणि सेल तापतो. ड्रिलला जास्त करंटचेच सेल लागतात, मग त्यावर क्षमता १५०० किंवा २००० मिलिअँपिअर-अवरच लिहिलेली का असेना. ९९०० छापलेला सेल दिसला तर दुकानातून उठा, या मापात तेवढी क्षमता मावतच नाही. चांगला सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. शंका आली तर शेजारच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवा.

आणि सोल्डरिंगने सेल जोडणाऱ्याकडे देऊ नका. त्या उष्णतेने सेल आतून खराब होतो. निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावणारा शोधा. फवारणी पंपाच्या किंवा ई-रिक्षाच्या लिथियम बॅटऱ्या बांधणाऱ्याकडे ते यंत्र बहुतेक सापडतं.

बाकीचे भाग लवकर उरकतात. मोटरच्या जाळीतून ठिणग्या, जळका वास, मधूनच चालू-बंद : मोटरला करंट पोहोचवणारे कार्बन घासलेत. मोटर वाइंडिंगच्या दुकानात शंभर-दीडशेत जोडी बसते, इथे नव्या मशीनचा विचारसुद्धा करू नका. ट्रिगरचं बटण गेलं तरी दुरुस्तीच बरी, फक्त त्याच मापाचं मिळालं पाहिजे. चक डोलत असेल तर जबडे पूर्ण उघडून आत पाहा, एक स्क्रू दिसेल. तो उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. नेहमीसारखा डावीकडे पिळून डोकं उडवलं की शंभराचं काम हजारावर जातं.

मोटर फिरते, चक फिरत नाही आणि आत दळल्यासारखा आवाज येतो, म्हणजे गिअर गेले. स्वस्त मशीनचे सुटे गिअर सहसा मिळत नाहीत. तिथे नवीच घ्या. ब्रशलेस म्हणजे बिनकार्बनच्या मशीनचं आतलं सर्किट गेलं असेल आणि वॉरंटी संपली असेल तरी तेच. वॉरंटी असेल तर मात्र एकही स्क्रू खोलू नका, बिल शोधा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवी घ्यावी, असं लोक म्हणतात. शहरात ते ठीक आहे, दुकान दोन गल्ल्या पलीकडे असतं. आपल्याला त्यात फेऱ्या धराव्या लागतात. पहिली दाखवायला, दुसरी "सेल नाही आले, परवा या" ऐकायला, तिसरी आणायला. पेट्रोल जातं आणि दरवेळी अर्धी रोजी बुडते. नऊशेची दुरुस्ती तिसऱ्या फेरीला नव्या मशीनच्या भावात पोहोचते. म्हणून निघायच्या आधी बॅटरीच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो दुकानदाराला पाठवा, सेल हातात आहेत का विचारा, आणि बाजाराच्या दिवशीच जा.

नवी घ्यायची ठरली तर २१ व्होल्टच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. त्यातही १८ व्होल्टवाल्यासारखे पाचच सेल असतात. एकाने भरल्यावरचा आकडा छापला, दुसऱ्याने सरासरीचा. त्याऐवजी ही बॅटरी तालुक्याला सुटी मिळते का, एवढं विचारा. घरात त्याच कंपनीचं आणि त्याच बॅटरीचं ग्राइंडर असेल तर नुसती बॉडी घ्या, बरीच बचत होते. कंपनी एक म्हणजे बॅटरी एक असं मात्र नाही. बॉशची निळी आणि हिरवी १८ व्होल्टची मशीन एकमेकांच्या बॅटरीवर चालत नाहीत.

वर्षातून दहा दिवस ड्रिल लागत असेल आणि कामाच्या जागी लाइन असेल, तर माझं मत वायरवाल्या मशीनचं. तिच्यात मरायला सेलच नसतात. वावरात लाइनचा भरवसा नाही, तिथे हे चालणार नाही.

वावरासाठी आणखी एक जुगाड आहे. साध्या १२ व्होल्टच्या ड्रिलचा मेलेला डबा खोलून, सेल आणि जुनं सर्किट काढून, त्याच्या पट्ट्यांना जाड वायर लावायची आणि ती फवारणी पंपाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडायची. मशीन चालते. वायर आखूड आणि ४ चौरस मिलिमीटरची ठेवा, बॅटरीजवळ गाडीचा २० अँपिअरचा फ्यूज टाका. पंपातली बारीक वायर वापरली तर वितळते. अधिक-उणे उलटं जोडलं तर बटण तिथेच जातं. १८ व्होल्टच्या मशीनला हे जमत नाही.

काढलेले सेल कुटाराच्या कोठ्यात किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ टाकू नका. टोकांना चिकटपट्टी लावून बॅटरीवाल्याकडेच परत द्या.

मावसभावाने सेलच बदलले, आठशे लागले, फेऱ्या दोन झाल्या. मार्च होता म्हणून दोनच. जुलै ते सप्टेंबरमध्ये त्याच दुकानासमोर फवारणी पंपांची रांग असते आणि ड्रिलकडे कोणी पाहत नाही. तेव्हा बंद पडली आणि हातात काम असेल, तर सरळ नवी घ्या. जुनीचे सेल दिवाळीनंतर बदलता येतील.