रंग कुठे जुळवावा : एन्कोडर चिपमध्ये की प्रोसेसरमध्ये?

बोर्डावर एडीव्ही ७३९१ सारखी कॉम्पोझिट एन्कोडर चिप, म्हणजे डिजिटल चित्राचा जुन्या मॉनिटरना लागणारा एकाच तारेवरचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणारी चिप, बसली आहे, चित्रही उमटू लागले आहे, पण लाल रंग कडेने फुटतो आणि काळोखा भाग धुरकट दिसतो, अशा टप्प्यावर आलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवरून चिपच्या रजिस्टरमध्येच (सेटिंग ठेवण्याच्या कप्प्यांत) कॉन्ट्रास्ट आणि रंगाची पातळी बसवणे. दुसरी म्हणजे प्रोसेसरने चित्र बाहेर पाठवण्याआधीच त्यातील आकडे बदलणे. मॉनिटरवरची बटणे हा तिसरा मार्ग मी जमेस धरत नाही, कारण रबाळे-महापे पट्ट्यातील कारखान्यांच्या सुरक्षा केबिनमध्ये जे जुने मॉनिटर अजून तग धरून आहेत, त्यांची बटणे रात्रपाळीत कोणी ना कोणी फिरवून ठेवतोच.

प्रोसेसरची वाट कमी लेखण्याजोगी मुळीच नाही. हवी तशी गॅमा वक्ररेषा (मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात हे ठरवणारी) काढता येते, मूल्ये नेहमीच्या सेटिंग्जबरोबर साठवता येतात, आणि उद्या बाजारात ती चिप मिळेनाशी होऊन दुसरी बसवावी लागली तरी रंगाचा कोड तसाच चालतो. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग शोधत फिरलेल्यांना या शेवटच्या मुद्द्याचे वजन वेगळे सांगायला नको. वागळे इस्टेटमधील आमच्या कामात पहिली पसंती मी याच वाटेला दिली होती.

मला तिथून मागे फिरवले ते रात्रीच्या चित्राने. फाटकावरचा कॅमेरा, एक दिवा आणि त्यामागची चुन्याची भिंत एवढेच दृश्य होते. दिव्याभोवतीचा उजेड भिंतीवर हळूहळू विरत जायला हवा होता, त्याऐवजी तो कडेकडेने तुटलेल्या पट्ट्यांमध्ये दिसू लागला, आणि एकदा त्या पट्ट्या डोळ्यांत भरल्या की दुसरे काही दिसेना. कारण सरळ आहे. प्रोसेसर आणि एन्कोडर यांच्यामधला मार्ग ८ बिटांचा असतो आणि त्यातही प्रकाशासाठी १६ ते २३५ एवढाच पट्टा वापरायचा असतो, म्हणजे पायऱ्या २२०. कॉन्ट्रास्ट ०.८ केला की त्या साधारण १७६ उरतात आणि मध्येमध्ये शेजारच्या दोन पायऱ्या एकच होतात, उलट १.२ केला तर पायऱ्यांमध्ये फटी पडतात आणि उजळ टोक छाटले जाते. डिदरिंगने, म्हणजे शेजारच्या पिक्सेलमध्ये बारीक फरक पेरून, हे बरेच झाकता येते, हे मान्य आहे. परंतु पाल या आपल्याकडील टीव्ही पद्धतीच्या ७२० बाय ५७६ चित्रात २५ फ्रेम धरल्या तर सेकंदाला एक कोटीहून अधिक पिक्सेल हाताळावे लागतात, आणि लहान प्रोसेसरला बाकीची कामे सांभाळून ते झेपेलच असे नाही.

तोच गुणाकार एन्कोडरच्या आत झाला तर पुढे १० बिटांचा डॅक (आकड्यांचे व्होल्टेज करणारा भाग) असतो, त्यामुळे ०.८ ने गुणल्यावरही शेजारच्या पायऱ्यांना वेगळे राहण्यास जागा उरते. मी मोजमाप केलेले नाही. त्याच भिंतीकडे त्याच मॉनिटरवर पाहिले, आणि पट्ट्या मला तरी दिसल्या नाहीत. या चिपमध्ये मूल्य काढण्याची रीत सोपी आहे. हवा तो गुणक ५१२ ने गुणायचा, म्हणजे ०.९ साठी ४६१. त्यातले वरचे ८ बिट, म्हणजे ११५, एका रजिस्टरमध्ये आणि उरलेले २ बिट, म्हणजे १, दुसऱ्या सामायिक रजिस्टरमध्ये जातात. ही विभागणी जरा त्रासदायक आहे, शिवाय त्या सुविधेचा चालू-बंद बिट स्वतंत्रपणे चालू करावा लागतो. पण सीबी आणि सीआर या अनुक्रमे निळ्या आणि लाल रंगफरकाच्या घटकांना वेगवेगळे गुणक देता येतात, हे मोठे सुख आहे. कॉम्पोझिटमध्ये पूर्ण भरलेला पिवळा रंग पांढऱ्याच्याही वर उडी मारतो, आणि लाल रंग स्वस्त मॉनिटरवर शेजारच्या भागात सांडतो. दोन्ही गुणक थोडे खाली आणि सीआर किंचित अधिक खाली ठेवल्यास चित्र शांत होते, आणि करडा रंग करडाच राहतो.

ह्यूच्या, म्हणजे रंगछटा फिरवण्याच्या, बाबतीत मात्र माझे मत एन्कोडरच्या विरुद्ध जाते. तिथे ह्यू म्हणजे बर्स्टच्या (दर ओळीच्या सुरुवातीच्या संदर्भ-लहरीच्या) तुलनेत सबकॅरिअरचा (रंग वाहणाऱ्या लहरीचा) फेज सरकवणे. पालची मांडणीच अशी आहे की ओळीआड व्ही (लाल रंगफरकाच्या) घटकाचे चिन्ह उलटते आणि फेजमधली चूक लगतच्या ओळींच्या सरासरीत विरून जाते. रंग फिरण्याऐवजी थोडा फिका होतो. एनटीएससी या अमेरिकी पद्धतीमध्ये उपयोगी असलेला हा कान इथे पिळून फारसे काही निघत नाही. खरोखरच रंग फिरवायचा असेल तर तो प्रोसेसरमध्ये, सीबी-सीआरच्या पातळीवर फिरवावा.

एन्कोडरच्या वाटेतली खरी अडचण म्हणजे विस्मरण. वीज क्षणभर गेली, प्रोसेसर तगला पण चिप रीसेट झाली, तर सगळी रजिस्टर मूळ मूल्यांवर येतात आणि प्रोसेसरला त्याचा पत्ताही नसतो. त्यावर उपाय म्हणून एखादे ठरावीक रजिस्टर अधूनमधून वाचून पाहावे आणि मूल्य जुळले नाही तर संपूर्ण यादी पुन्हा लिहावी; काही ओळींचा कोड आहे. दुसरीकडे, त्याच फ्रेमबफरमधून (चित्र साठवलेल्या मेमरीतून) एलसीडीवरही चित्र जात असेल तर प्रोसेसरमधला बदल ते चांगले चित्रही बिघडवतो, आणि तिथे माझ्या दृष्टीने वाद उरत नाही.

आपल्या पडद्यावर केवळ अक्षरे, आकडे आणि सपाट रंगांचे मेनू असतील तर प्रोसेसरची वाट खुशाल धरावी. तिथे पायऱ्या दिसण्याचा प्रश्नच येत नाही. कॅमेऱ्याचे चित्र असेल तर मी प्रकाशाचा आणि दोन्ही रंगांचे गुणक एन्कोडरमध्ये ठेवतो, ह्यू बंद ठेवतो, आणि ब्राइटनेस जपून वापरतो, कारण पालमध्ये काळा आणि ब्लँकिंग (ओळींमधली चित्राविनाची वेळ) एकाच पातळीवर असतात, एनटीएससीसारखी साडेसात आयआरईची (आयआरई हे सिग्नलच्या पातळीचे एकक) उशी तिथे नसते.