निकेल ओळखणाऱ्या दोन बाटल्या: आधी कुड्यांवर, मग पानांवर

माझा धंदा नऊवारी आणि दागिने भाड्याने द्यायचा. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत दुकान आहे. गेल्या लग्नसराईत एका नवरीच्या कानाच्या पाळ्या सुजून लालबुंद झाल्या. तिच्या आईने फोटो पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "ताई, तुमच्या कुड्या." मला रात्रभर झोप लागली नाही. ज्या व्यापाऱ्याकडून तो माल घेतला, त्याने "निकेल फ्री" म्हणून छातीठोकपणे दिला होता.

म्हणून हा निकेल तपासायचा संच ऑनलाइन मागवला. खोक्यात दोन छोट्या बाटल्या आणि कापसाच्या काड्या. एका बाटलीत डायमिथाइलग्लायॉक्झिम, दुसरीत अमोनिया. काडीवर दोन्हींचा एकेक थेंब टाकायचा आणि दागिन्यावर अर्धा मिनिट घासायची. कापूस गुलाबी झाला की निकेल आहे. खिडकी उघडी ठेवूनच करा, अमोनियाचा वास डोक्यात जातो. आधी जुनं जाड पाच रुपयांचं नाणं घासून बघा. ते तांबं-निकेलचं आहे, त्यामुळे खरा गुलाबी रंग कसा दिसतो ते नजरेत बसतं.

माझ्या 24 जोड कुड्यांपैकी 9 जोडांच्या फिरक्या गुलाबी निघाल्या. पुढची बाजू एकीचीही नाही, फक्त फिरकी. वरचं सोन्याचं पाणी घासून जातं तिथेच, आणि कानाला टेकतं तेही तिथेच. साजांमध्ये दोघांचे मागचे फासे गुलाबी आले. ते सगळे नग मी बाजूला काढले. एवढ्यावरच या संचाचे पैसे वसूल झाले. पाचपैकी चार तारे द्यायला माझी हरकत नाही. एक कापला, कारण माहितीपत्रकात मराठीचं अक्षर नाही आणि एका बाटलीचं झाकण पाझरत आलं.

पण मला लिहायचंय ते पुढचं.

माझी लेक बी.एस्सी.ला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. बाटलीवरचं नाव वाचून ती म्हणाली, "आई, हेच रसायन कागदाला लावून शास्त्रज्ञ जंगलात पानं तपासतात." मला खरंच वाटेना. मग तिने सांगितलं. साध्या झाडाच्या एक किलो वाळलेल्या पानांत निकेल सहसा दहा मिलिग्रॅमच्या आत असतं. काही झाडं मात्र एक ग्रॅमच्या वर साठवतात आणि तरी हिरवीगार उभी असतात. 1977 साली न्यूझीलंडच्या रॉबर्ट ब्रूक्स यांनी सहकाऱ्यांबरोबर ही एक ग्रॅमची रेघ आखली. त्यासाठी त्यांनी वनस्पतिसंग्रहांत वाळवून ठेवलेल्या नमुन्यांची चिमूटभर पानं तपासली होती. न्यू कॅलेडोनिया बेटावर तर एक झाड आहे, पिकनांड्रा अक्युमिनाटा. त्याच्या खोडाला खाच पाडली की निळसर हिरवा चीक येतो. तो वाळवला तर वजनाचा पाव भाग निकेल! जो धातू नुसता टेकला तरी काही माणसांची कातडी पेटते, तो हे झाड अंगात बाळगून आहे. अशा झाडांचं पान किडीला नकोसं होतं, म्हणून ती निकेल साठवत असावीत, असं एक मत आहे.

त्या संध्याकाळी आम्ही परसातली पानं खुडून बसलो. फिल्टर पेपरवर पान चुरडायचं आणि वर थेंब टाकायचे. तुळस, कढीपत्ता, आंबा: नुसता हिरवा डाग. लाल माठाचं पान ठेवलं आणि कागद गुलाबी झाला. मी ओरडलेच. लेकीने शांतपणे दुसऱ्या कागदावर तेच पान नुसत्या पाण्यात चुरडलं. तोही गुलाबी. तो माठाचा स्वतःचा रंग होता. तेव्हापासून प्रत्येक पानासाठी आम्ही एक कागद साध्या पाण्याचा ठेवतो. तुम्हीही ठेवा.

भुईआवळ्यावर माझी फार आशा होती. बोर्निओच्या साबा भागात आवळ्याच्याच फायलँथस कुळीतली अशी झाडं आहेत. त्यातल्या एका झुडपाच्या फांद्या छाटून, वाळवून, जाळून राखेतून निकेल काढायचे प्रयोग तिथे झालेत. म्हणजे धातूची शेतीच. पण माझा भुईआवळा कोराच राहिला. लेक म्हणाली, दोष त्याचा नाही. निकेल साठवणारी बहुतेक झाडं सर्पेंटाइनसारख्या, मुळातच निकेल जास्त असलेल्या खडकाच्या मातीत वाढतात. आपली काळी माती बेसॉल्टची, त्यामुळे इथे ती सापडतील असं नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. पान गुलाबी झालं नाही म्हणून भाजी निर्धोक ठरत नाही. पानावर या संचाला निकेल कळतं ते ढीगभर असेल तरच, आणि शिसं किंवा कॅडमियम तर अजिबात कळत नाही. शेताशेजारी प्लेटिंगचं युनिट असेल, नाल्याच्या पाण्यावर पालक पिकत असेल, तर माती आणि पानं प्रयोगशाळेतच द्या. "मोहरी पेरा, महिन्यात माती स्वच्छ" असं सांगून बियांची पाकिटं मला एकाने विकली होती. मोहरी शिसं थोडंफार ओढते हे खरं, पण महिन्यात माती धुऊन निघत नाही, आणि तो पाला गुरांपुढे टाकू नये हे त्याने सांगितलंच नाही.

दुसरा संच मागवलाय, तो लेकीसाठी. कणकवलीकडे क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, सापडतं, आणि ते ज्या खडकात असतं त्यात निकेलही असतं, असं तिने वाचलंय. दिवाळीनंतर फोंडा घाटातून उतरून तिथल्या रानातली पानं बघायची, असं आमचं ठरलंय. काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा फिल्टर पेपरच्या पट्ट्या कापल्या, पहिल्या बाटलीत बुडवल्या आणि साज टांगायच्या दोरीवर वाळत घातल्या. चाळीस झाल्यात.