गळका फुगा आणि ४६ डॉलरचं युनिट : मेडिकल असिस्टंट कोर्सचे अकरा महिने

बीपीच्या चेक-ऑफला (बीपी घेऊन दाखवायच्या परीक्षेला) मी दोनदा नापास झाले. नाशिकच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीन वर्षं काढलेली, सकाळी सात ते दहाच्या आत चाळीस जणांचं रक्त घेऊन मोकळी होणारी, बी.एस्सी. मायक्रो झालेली मी. एक्केचाळिसाव्या वर्षी कॅलिफोर्नियात अडकले कशात, तर बीपी बघण्यात. त्याच संध्याकाळी घरी येऊन हे लिहायला घेतलं, म्हणून सुरुवातीचा सूर तिखट लागेल. नंतर मत बदललं, तरी आधीचं खोडलेलं नाही.

मेडिकल असिस्टंट म्हणजे क्लिनिकमधला डॉक्टरांच्या हाताखालचा मदतनीस. त्याच्या कोर्सात काय काय शिकवतात ते परत लिहीत नाही, कुठल्याही कॉलेजच्या साइटवर ते सापडेल. पैशांचं मात्र लिहिते, कारण ते तिथे धड सांगत नाहीत.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (म्हणजे इथल्या स्वस्त सरकारी कॉलेजांत) राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे ४६ डॉलर पडतात. युनिट म्हणजे अभ्यासक्रम मोजायचं माप, प्रत्येक विषयाची काही युनिटं असतात. २०१२ पासून हाच दर आहे. दुधाचा भाव तेवढ्यात कुठल्या कुठे गेला, हा हलला नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी ‘आपण एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या), आपल्याला कोण घेणार’ म्हणून चौकशीलाच जात नाहीत. जा. एच-फोरवर शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. वर्षाहून जास्त इथे राहत असल्याचे कागद (घराचा करार, लायसन्स, टॅक्स भरल्याचे) दाखवता आले, तर रहिवाशाचा दर मिळू शकतो. नाहीतर त्याच युनिटला काहीशे डॉलर. नोकरीसाठी ईएडी (कामाचा परवाना) लागतंच, पण ते पुढचं पुढे.

माझा हिशोब तीस युनिटांचा, म्हणजे १,३८० डॉलर. एका खासगी संस्थेनं मला हेच शिकवायला फोनवर अठरा हजार सांगितले होते, वर रोज फोन करून पिच्छा पुरवला तो वेगळाच. त्यामुळे ‘कम्युनिटी कॉलेज की खासगी’ हा प्रश्न माझ्या लेखी तिथेच मिटला.

फुटकळ खर्च मात्र धरून चाला. पुस्तक आणि त्याचा ऑनलाइन कोड (सेमिस्टर संपलं की कोड मेला, म्हणजे पुस्तक नंतर विकायचीही सोय नाही), कॉलेजनं ठरवलेल्या रंगाचे दोन स्क्रब (दवाखान्यात घालायचे कपडे), बॅकग्राउंड चेक, सीपीआरचं कार्ड, पार्किंग. माझे नऊशेच्या वर गेले. ‘फक्त ४६ डॉलर’ म्हणणारीला आधी हे विचारा.

लशींचा एक किस्सा सांगायलाच हवा. क्लिनिकमध्ये पाठवण्याआधी टीबीची चाचणी करतात. हाताच्या कातडीत थोडं औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांत गाठ मोजतात. माझी आली बारा मिलिमीटर. वर्गातल्या वीस-बावीस वर्षांच्या पोरी माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी आत्ता खोकणार आणि सगळ्या आडव्या होणार. डाव्या दंडावरचा बीसीजीचा वण दाखवून सांगितलं की बायांनो, आमच्याकडे तान्ह्या बाळालाच ही लस देतात, त्यानंही ही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मग रक्तावरची चाचणी केली, ती निगेटिव्ह आली. तेव्हा भारतात जन्मलेल्यांनी पहिल्याच दिवशी रक्ताची चाचणी चालेल का, असं विचारावं. माझे दोन आठवडे आणि एक रजा गेली. लहानपणीचं लशींचं कार्ड कुणाकडे असेल तर ते सोन्यासारखं जपा. माझं नव्हतं, म्हणून गोवर-कांजिण्यांसाठी रक्त तपासून प्रतिकारशक्ती सिद्ध करावी लागली.

आता बीपी.

कॉलेजच्या दुकानात किट ११२ डॉलरचं. त्यात पट्टा, फुगा, तबकडी, स्टेथोस्कोप, कात्री आणि छोटी टॉर्च. आदल्या वर्षीच्या एका मुलीनं तेच मला पंचवीस डॉलरला दिलं. ८७ डॉलर वाचले म्हणून त्या रात्री मी घरी शिरा केला होता, हे इथे कबूल करते.

चेक-ऑफ म्हणजे बाईंसमोर एकेक कौशल्य यादीप्रमाणे करून दाखवायचं. मान्यता असलेल्या कोर्सांत हाताची सगळी कौशल्यं शंभर टक्के पास व्हावी लागतात. इथे पस्तीस मार्कांचं गणित नाही, एक राहिलं की कोर्स राहिला. आमच्याकडे प्रत्येकाला तीन संधी. बीपीला बाई एक वेगळाच स्टेथोस्कोप आणतात, एक चकती आणि कानाला लावायच्या दोन जोड्या. एक जोडी तुमच्या कानात, दुसरी त्यांच्या. दोघींनी एकच आवाज ऐकायचा आणि आपापला आकडा कागदावर लिहायचा. अंदाजपंचे काही चालत नाही. एवढी जवळून परीक्षा माझी दहावीच्या तोंडीलाही झाली नव्हती.

पहिल्यांदा झालं असं, की फुग्याचा स्क्रू कितीही हळू सोडला तरी काटा धाडकन खाली यायचा. काटा सेकंदाला दोन ते तीन मिलिमीटरनं उतरायला हवा. माझा दहाच्या वेगानं पळत होता. पहिला ठोका कुठे आणि शेवटचा कुठे, काही कळेना. मी लिहिलं १२७/८३.

बाईंनी कागद बघितला, तबकडी माझ्यासमोर धरली आणि रेघा मोजायला सांगितल्या. रेघा दोन-दोनच्या. १२६ आहे, १२८ आहे, १२७ नाहीच. मग विषम आकडा आला कुठून? त्या एवढंच म्हणाल्या, “मग हा तू ऐकलास की शोधलास?” कान तापले माझे. लॅबमध्ये नोंदवहीत खोटा आकडा लिहिणाऱ्या पोरांना मी स्वतः झापलेलं आहे.

दुसऱ्यांदा काहीच ऐकू आलं नाही. बाईंना येत होतं, मला नाही.

घरी सराव नवऱ्याच्या दंडावर. तो ऑफिसच्या कॉलवर, पायावर पाय टाकलेला, पट्टा शर्टाच्या बाहीवरून. आलं १५०/९४. मी हादरले, तो म्हणाला किट भंगार आहे. पुस्तकात बघितलं तर आम्ही एकाच वेळी सगळ्या चुका केलेल्या. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, आणि तोंड बंद. नुसतं बोलण्यानंही आकडा वर जातो. नियमानं घेतलं तर १२४/८०. सासूबाई व्हिडिओवर सगळं बघत होत्या. “आमचे डॉक्टर शर्टावरूनच बघतात, आणि गेली वीस वर्षं बरोबर औषध देतायत,” म्हणाल्या. काय बोलणार!

तर त्या ऑक्टोबरात माझा निकाल असा होता: कोर्स स्वस्त, किट म्हणजे लूट, आणि बाई जरा जास्तच कडक. दोन स्टार.

तीन आठवड्यांनी वर्गातल्या एका मुलीनं (आई-वडील मेक्सिकोचे, ही तीन नोकऱ्या करून शिकते) माझा स्टेथोस्कोप हातात घेतला आणि हसायलाच लागली. कानात जाणारी टोकं पुढे, नाकाच्या दिशेनं झुकलेली हवीत. मी दीड महिना ती उलटी घालत होते. टोकं कानाच्या भिंतीवर दाबली जायची, ऐकू काय येणार, कप्पाळ! आणि काटा पळायचा त्याचं कारण फुग्याचा व्हॉल्व्ह, तो खरंच गळका निघाला. सहा डॉलरचा नवा ऑनलाइन मागवला. म्हणजे अर्धा दोष फुग्याचा, अर्धा माझ्या कानाचा. तिसऱ्या खेपेला मी ११८/७६ लिहिलं, बाईंनीही ११८/७६. पास.

बाईंना कडक म्हणाले ते मागे घेते. जाता जाता: त्यांना नावानं हाक मारायची असते, सगळे तशीच मारतात. माझ्या तोंडून अकरा महिन्यांत एकदाही निघाली नाही. ‘मॅडम’ म्हटलं की त्या दचकायच्या.

बाकी विषय भराभर सांगते. रक्त घेणं सोपं गेलं, फक्त इथे नळ्यांचा क्रम पाठ हवा: आधी फिका निळा, मग लाल किंवा सोनेरी, हिरवा, जांभळा, शेवटी राखाडी. एका नळीतलं रसायन दुसऱ्या नळीत जाऊन रिपोर्ट बिघडू नये म्हणून. इंजेक्शनं ठीक. इन्शुरन्सचे कोड कंटाळवाणे, पण नोकरीत निम्मा दिवस त्यातच जातो, तेव्हा डुलक्या काढू नका.

शेवटी प्रॅक्टिकम, म्हणजे खऱ्या क्लिनिकमध्ये काम, १६० तास, बिनपगारी. कॉलेजनं जागा द्यायला पाच आठवडे उशीर केला. ईमेलला उत्तर यायचं, ‘आम्ही काम करत आहोत’. पाच आठवडे मी घरी बसून, आणि त्या काळात पार्किंगचा पास मात्र चालू. ते ३० डॉलर मला अजून टोचतात. जागा मिळाली ती घरापासून चाळीस मिनिटांवरच्या फॅमिली क्लिनिकमध्ये. पेट्रोल आपलं, डबा आपला.

तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी बघते तर काय, बीपी सगळे मशीननंच घेतात! बटण दाबा, आकडा येतो. दोन स्टारवरून एकवर यायच्या बेतात होते. दुसऱ्या आठवड्यात सत्तरीतले एक गृहस्थ आले. मशीननं एकदा एरर दिली, परत लावलं, परत एरर. मनगटाची नाडी धरली तर ठोके कसेही, दोन जवळ, एक लांब, मग गायब. अशा वेळी मशीन गोंधळतं. मी भिंतीवरचा हातानं भरायचा पट्टा काढला, टोकं नाकाकडे, काटा हळूहळू, तीनदा घेतलं आणि तिन्ही आकडे लिहून दिले. डॉक्टरीणबाईंनी स्वतः परत घेतलं, दोन मिलिमीटरचा फरक. त्या काही बोलल्या नाहीत, माझे आकडे तसेच ठेवून ईसीजी काढायला सांगितला. घरी जाताना गाडीत मीच गाणं लावलं, एरवी मला ट्रॅफिकमध्ये आवाज सहन होत नाही.

एक चूकही सांगते. एका बाईंना मी सवयीनं म्हणाले, “काळजी नको, नॉर्मल आहे.” नाशिकला रिपोर्ट देताना दिवसातून शंभरदा म्हणायचे. इथे मेडिकल असिस्टंटनं निकालाचा अर्थ सांगायचा नाही, आकडा सांगा आणि थांबा. बाजूला घेऊन समज मिळाली. बरोबरच होती.

आणि एक आजी. साताऱ्याकडच्या, मुलाकडे आलेल्या, याहून जास्त सांगता येत नाही. मला वाटलं आता आपलं मराठी कामी येणार. तर नाही, तपासणीत दुभाषाचं काम प्रशिक्षित माणसानंच करायचं. फोनवर मराठी दुभाषी मागितला. ‘थांबा’, ‘थांबा’, मग विचारणा, हिंदी चालेल का? आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “अगं बाळा, हिंदी येतं मला. पण पोटाचं हिंदीत कसं सांगू?” बारा मिनिटांनी मराठी बोलणाऱ्या बाई मिळाल्या. तोवर आजींनी मला माझं गाव, सासर, मुलं सगळं विचारून घेतलं, आणि मी स्वेटरची बाही वर सरकवून बीपी घेतलं. घेताना बोलायचं नाही म्हटल्यावर म्हणाल्या, “एवढी मोठी झालीस, पण दरडावतेस शाळेतल्या बाईंसारखी.”

मेडिकल असिस्टंटच्या सर्टिफिकेटची परीक्षा जूनमध्ये दिली. दोनशे प्रश्न, चाळीस-चाळीस मिनिटांचे चार भाग, त्यातले १८०च मोजतात, बाकीचे वीस ते पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघतात. आमच्या कोर्सला मान्यता असल्यानं फी १२५ डॉलर पडली. पास झाले. त्याच क्लिनिकनं तासाला २६ डॉलरवर ठेवून घेतलं. देशभराचा मधला पगार २०२३ साली वर्षाला ४२ हजार डॉलर होता, पण इथल्या बे एरियाच्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) भाड्यापुढे दोन्ही आकडे केविलवाणेच. नवरा आयटीत आहे म्हणून हे जमतं, हे लपवत नाही. एकटीच्या पगारावर घर चालवायचं असेल तर वर्गातल्या मुलींसारखी आधी नर्सिंगच्या पूर्वतयारीचे विषय बघा.

आता चार स्टार. पाचवा त्या पार्किंगच्या ३० डॉलरनं गेला.

किट विकायचं आहे. व्हॉल्व्ह नवीन, पट्टा धुतलेला, कात्रीला धार आहे, टॉर्चची बॅटरी मी भरीन. चाळीस डॉलर. पंचवीसला घेतलं होतं, पण त्यात सहाचा व्हॉल्व्ह आहे आणि स्टेथोस्कोप कसा घालायचा ते मी समोर दाखवून देईन. घासाघीस करू नये.