क्युरेटर व्हायचं की कॉन्झर्व्हेटर?

संग्रहालयात नोकरी म्हटलं की बहुतेकांच्या मनात क्युरेटरच येतो, म्हणजे संग्रहाचा अभ्यास करणारा आणि त्याची जबाबदारी घेणारा. जुन्या वस्तू हाताळायला मिळतील, ही त्यामागची आशा. प्रत्यक्षात वस्तूला जास्त हात लागतो तो कॉन्झर्व्हेटरचा, म्हणजे वस्तूंची दुरुस्ती आणि जतन करणाऱ्याचा. क्युरेटरचा बराचसा दिवस लिहिण्यात जातो: नोंदी, पाट्या, उसन्या आणायच्या वस्तूंचा पत्रव्यवहार, निधीसाठी अर्ज. अभ्यासाची आवड आहे पण कागदपत्रांचा कंटाळा, अशा माणसाने इकडे वळूच नये.

क्युरेटरचा कस लागतो तो वस्तूची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली हे शोधताना. चोरट्या व्यापाराविरुद्ध युनेस्कोचा करार १९७० साली झाला. तेव्हापासून एखादी वस्तू मूळ देशाबाहेर नेमकी कधी गेली, या प्रश्नाला वजन आलं. कागद पुरेसे नसतील तर कितीही देखणी मूर्ती नाकारावी लागते. देणगीदार रुसतात, वरिष्ठही कधीकधी. शिवाय आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या आचारसंहितेनुसार संग्रहालयात ठेवण्यासारख्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात पडता येत नाही आणि खासगी संग्रह करताना आपल्याच संस्थेशी स्पर्धा करायची नसते. हाडाच्या संग्राहकाला हे जड जातं.

कॉन्झर्व्हेटरला रसायनशास्त्र लागतं आणि बैठक लागते. एकाच कापडावर महिनोन्‌महिने काम चालतं. दुरुस्ती अशी हवी की पुढच्या पिढीला शक्यतो ती काढून टाकता यावी, म्हणजे आपलं कसब मिरवायचं नाही. कापड, कागद, जलरंग यांच्यावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको, असा सर्वसाधारण दंडक आहे, कारण उजेडाने झालेली हानी साचत जाते आणि भरून येत नाही. क्युरेटरला तेच चित्र आणखी सहा महिने दालनात हवं असतं. या दोघांचे खटके बहुधा इथेच उडतात, आणि माझ्या मते ते उडायलाच हवेत.

पगाराच्या आशेने दोन्हीकडे कुणी जाऊ नये, जागाही मोजक्याच. फरक इतकाच की कॉन्झर्व्हेटरला स्वतःची कार्यशाळा काढता येते. क्युरेटरला स्वतंत्रपणे प्रदर्शनं मांडता येतील, पण संग्रहाची जबाबदारी हवी तर संस्था लागतेच.

ठरत नसेल तर आधी एखाद्या संग्रहालयाच्या नोंदणी विभागात उमेदवारी करा. तिथे प्रत्येक वस्तूच्या स्थितीचा अहवाल भरावा लागतो. तो भरताना भेगा आणि डाग शोधण्यात तुम्ही रमता, की वस्तू कुणी आणि कशासाठी घडवली या विचारात अहवाल अर्धवटच राहतो, ते पाहा.